ईआरपी घेतलं, तरी हिशेब एक्सेलमध्येच? या चुका टाळा

भोसरी, चाकण किंवा सातपूरच्या मध्यम कारखान्यात गेलात, तर ईआरपी (खरेदी, स्टोअर, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) नीट चालतंय का हे स्टोअरकीपरच्या ड्रॉवरवरून कळतं. तिथे दोनशेपानी वही असेल आणि सुपरवायझर माल विचारायला आला की तो स्क्रीन न बघता ती वही उघडत असेल, तर लायसन्सचे पैसे वाया चाललेत. मालक मग व्हेंडर बदलायचं म्हणतात. बदलूनही वही तिथेच राहते, कारण अडचण बहुतेक वेळा नोंद कुठे होते, कधी होते आणि कोण करतो यात असते.

स्क्रीनवर ३८० किलो जास्त

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, कारण कारखान्यातला निम्मा अविश्वास इथूनच सुरू होतो.

४० मिमीचा राउंड बार घ्या. खरेदी किलोत, वापर नगात. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र शॉपफ्लोअरवर सगळ्यांना पाठ असतं. १६०० भागिले १६२, म्हणजे मीटरला ९.८८ किलो. जॉबसाठी १५० मिमीचा तुकडा लागतो, त्याचं वजन १.४८ किलो. डिझाइनवाल्याने बीओएममध्ये (एका नगाला कोणता माल किती लागतो, त्या यादीत) हाच आकडा भरला. ड्रॉइंगच्या हिशेबाने तो बरोबरच आहे.

पण पॉवर हॅकसॉचं पातंही माल खातं. दर कापाला ३ मिमी धरा. मग सहा मीटरच्या बारमधून ४० तुकडे निघत नाहीत, ३९ निघतात आणि शेवटी ३३ मिमीचं टोक उरतं. म्हणजे प्रत्येक बारमागे पूर्ण एका तुकड्याचा माल भुशात आणि टोकात जातो. खरा वापर नगाला १.५२ किलो. फरक फक्त ३८ ग्रॅमचा, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही. दहा हजार नग झाले की स्क्रीनवर ३८० किलो असा माल दिसतो, जो कधीच भंगारवाल्याकडे गेलाय.

मग परचेसवाला स्क्रीन बघून ऑर्डर टाकत नाही, मशिन थांबतं, आणि दुसऱ्या दिवसापासून वही सुरू.

उपाय सोपा आहे. बीओएममध्ये निव्वळ वजन आणि कटिंगचं वजन वेगवेगळं भरा. पात्याची जाडी आणि बारची लांबी बदलली की हिशेब पुन्हा करा (साडेपाच मीटरचे बार आले की आकडा हलतोच). कटिंगचं भंगार टर्निंगच्या बुरात मिसळू देऊ नका, वेगळ्या ड्रममध्ये ठेवा आणि विकताना वजनासकट सिस्टिममध्ये घ्या. इश्यू केलेले किलो वजा तयार तुकड्यांचे किलो, हा आकडा त्या ड्रमच्या वजनाच्या जवळपास यायला हवा. येत नसेल तर एकतर बीओएम चुकलंय, नाहीतर माल दुसऱ्या वाटेने बाहेर जातोय.

निगेटिव्ह स्टॉक ‘तात्पुरता’ चालू केलाय

वजा ४२ किलो माल जगात कुठे नसतो. तरी रिपोर्टमध्ये तो असतो, आणि विचारलं तर उत्तर मिळतं, ‘सर, ते नंतर जुळतं.’

होतं असं. गाडी सकाळी आली. ड्रायव्हरने बिल दिलं, ते अकाउंट्सला गेलं. पीओच्या (परचेस ऑर्डरच्या) रेटमध्ये आणि बिलात पन्नास पैशांचा फरक निघाला, म्हणून पीओ दुरुस्तीला परचेसकडे गेला. परचेसवाला बाहेर. तोवर जीआरएन (माल आल्याची नोंद) अडकला. इकडे माल मात्र दुपारीच मशिनवर चढला. सिस्टिम इश्यू घेईना, म्हणून कुणीतरी ॲडमिनकडून निगेटिव्ह स्टॉकची सोय उघडून घेतली. ती पुन्हा बंद कुणीच करत नाही.

नुकसान फक्त नगांचं नाही. मूल्यांकन सरासरी दराने होत असेल, तर वजा शिल्लकेवर आलेली पुढची आवक सरासरी दर कुठल्या कुठे नेऊन ठेवते. मग जॉबची किंमत बघून कोटेशन देणारा माणूस खोट्या आकड्यावर भाव देतो.

जीआरएन नगावर आणि वजनावर करा, गेटवर, गाडी खाली होताना. रेटचं भांडण बिल जुळवणीत राहू द्या. पीओ, जीआरएन आणि बिल हे तिन्ही जुळेपर्यंत पेमेंट अडवता येतं, त्यासाठी माल अडवायची गरज नाही. आधीच वजा झालेले आयटम साफ करताना महिनाअखेरीची ‘स्टॉक ॲडजस्टमेंट’ मारू नका. प्रत्येक आयटमचं लेजर तारखेप्रमाणे उघडा. पहिल्यांदा वजा झालं त्या तारखेच्या पुढेच बहुतेक वेळा उशिरा पडलेला जीआरएन सापडतो.

एकच बोल्ट, तीन कोड

‘हेक्स बोल्ट एम८ x २५’, ‘बोल्ट हेक्स ८ मिमी २५ एल’ आणि ‘एम-८ बोल्ट २५’. तिन्हीचा स्टॉक वेगळा, म्हणून तिन्हीची खरेदी वेगळी. नवा कोड उघडण्याचा हक्क एकाच माणसाला द्या. जुने कोड डिलीट न करता ब्लॉक करा, नाहीतर मागचे रिपोर्ट तुटतात.

जॉबवर्कला गेलेला माल

प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला बाहेरच्या कारखान्यात (जॉबवर्करकडे) गेलेला माल तुमचाच असतो, पण सिस्टिममध्ये तो अनेकदा नुसता ‘गेला’ असतो. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा. मुदत वाढवून मिळाली नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर लागतो. म्हणून प्रत्येक जॉबवर्करच्या नावाने वेगळं लोकेशन उघडा आणि परत येणारा माल मूळ चलनासमोरच घ्या. शंभर नग गेले, नव्वद आले, दहा रिजेक्ट, हे त्याच चलनावर दिसलं पाहिजे. आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) भरायच्या आदल्या रात्री चलनबुकं चाळायची वेळ येते, ती हे न केल्यामुळे.

‘आमच्याकडे असंच असतं’

असेलही. पण ते असंच का असतं, हे कस्टमायझेशनची ऑर्डर देण्याआधी विचारा. लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीने सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो खर्चून सॅप या ईआरपीचा प्रकल्प २०१८ मध्ये गुंडाळला. तेव्हाच्या बातम्यांत एक कारण ठळकपणे आलं. त्यांची शिल्लक खरेदी किमतीवर मोजायची पद्धत होती, तयार सॉफ्टवेअर विक्री किमतीवर मोजत होतं, आणि पद्धत बदलायला कुणी तयार नव्हतं. आपल्याकडे हे छोट्या आकारात रोज चालतं. एका कस्टमरच्या जुन्या चलनाच्या फॉरमॅटसाठी तीन महिने प्रोग्रामिंग, आणि पुढचं व्हर्जन आलं की सगळं पुन्हा.

१ एप्रिलचा हट्ट

नवं वर्ष, नवी सिस्टिम, हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात त्या आठवड्यात अकाउंटंट इयर-एंडमध्ये बुडालेला असतो, आणि मागच्या वर्षाचं ऑडिट संपेपर्यंत ओपनिंग बॅलन्स हलत राहतो. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैमध्ये, हॅलोवीनच्या हंगामाच्या तोंडावर, सगळी सिस्टिम एकदम बदलली. माल गोदामात होता, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचवता आल्या नाहीत. दिवाळीच्या तोंडावर किंवा मार्चअखेरीला कुणी बदल सुचवला, तर हे उदाहरण द्या. मला स्वतःला जुलै बरा वाटतो: तीन महिने हातात आकडे असतात आणि मोजणीला माणसं मिळतात.

जुनं सॉफ्टवेअर फेकायची घाई

कोपऱ्यात विंडोज एक्सपीच्या मशिनवर फॉक्सप्रोमध्ये (जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलेला प्रोग्राम चालू आहे, लिहिणारा माणूस कधीच निघून गेलाय. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपवला. तरी ते उद्याच फेकायची गरज नाही. अकाउंट्स मात्र त्यातून बाहेर काढा: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बंद न करता येणारी ऑडिट ट्रेल (कुठली नोंद कधी बदलली याची नोंद) ठेवणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं, आणि फॉक्सप्रोची डीबीएफ (डेटाची) फाइल तर कुणीही उघडून आकडा बदलू शकतो. उलाढाल ५ कोटींवर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आहे. उत्पादनाचा किंवा हत्यारांचा जुना हिशेब तिथे आणखी काही काळ चालू द्या, फक्त बिलं दोन ठिकाणांहून काढू नका. दोघांचा नंबर एकच पडला की पोर्टल डुप्लिकेट आयआरएन (बिलाचा पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक) म्हणून बिल परत पाठवतं.

फॉक्सप्रो ‘इंडेक्स टेबलशी जुळत नाही’ म्हणालं, की घाबरून डेटा गेला असं समजू नका. आधी पूर्ण फोल्डरची कॉपी, मग इंडेक्स नव्याने. आणि बॅकअपमध्ये फक्त डीबीएफ घेणाऱ्यांनी एकदा फोल्डर बघावं: मेमो फील्डचा (लांब टिपणांचा) मजकूर एफपीटी फाइलमध्ये असतो, ती नसेल तर टेबल उघडतच नाही.

साखर कारखाना किंवा पतसंस्था असेल, तर आणखी एक गाठ आहे. सभासदांची नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये साठवलेली असतात. ती तशीच नव्या सिस्टिममध्ये ओतली की कचरा दिसतो. कन्व्हर्टर वापरला तरी ‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’ होतं, आणि मग बँकेच्या खात्याशी नाव जुळत नाही. अशी जोडाक्षरं असलेली नावं गाळून काढा आणि गावचा माणूस शेजारी बसवून हाताने तपासा.

नवी सिस्टिम स्थिर झाल्यावर जुनं मशिन भंगारात देण्याआधी त्याची व्हर्च्युअल मशिन (दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालणारी त्याची नक्कल) करून ठेवा, फक्त वाचण्यापुरती. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. लॉगिनचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तो ज्याला पाठ आहे, तो पुढच्या वर्षी रिटायर होत असतो.