मेरुरज्जूत उतरणाऱ्या डोपामिन चेतापेशी कशा ओळखाव्यात

उंदराच्या मेरुरज्जूला डोपामिन पुरवतात त्या मुख्यतः हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागातल्या ए११ पेशी. बेशुद्ध उंदराच्या मेरुरज्जूत, कमरेपाशी, फ्लुओरोगोल्ड (तंतूंतून उलटा मूळ पेशीपर्यंत जाणारा रंग) टोचा आणि सुई पाच मिनिटं तशीच राहू द्या. लगेच उपसली तर रंग तिच्यामागून वर येतो. आठवड्याने ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने ऊती पक्क्या करा, मेंदूचे ३० मायक्रॉनचे काप घेऊन टायरोसिन हायड्रॉक्सिलेजसाठी (डोपामिन बनवायला लागणारं एन्झाइम) रंगवा. दोन्ही खुणा एकाच पेशीत दिसायला हव्यात. मेरुरज्जूतल्या तंतूंसाठी मात्र हायड्रॉक्सिलेजचा हा रंग पुरत नाही, नॉरॲड्रेनालिनचे तंतूही त्यात उजळतात. डोपामिन ट्रान्सपोर्टर (डोपामिन पेशीत परत ओढणारं प्रथिन) शोधत बसाल तर फसाल. ए११मध्ये तो जवळपास नसतोच.

डोपामिनचे रिसेप्टर वाढले की घटले हे पाहायचं, तर डी२, डी३ या रिसेप्टरच्या अँटिबॉडी आधी नॉकआउट उंदरावर (ज्यात त्या रिसेप्टरचं जनुकच बंद केलेलं असतं) पारखा. बऱ्याच अँटिबॉडी खोटं बोलतात, रिसेप्टर नसतानाही खूण दाखवतात. द्रावणातलं डोपामिन गुलाबी झालं, म्हणजे खराब झालं, की सरळ ओतून द्या.