सिलिकॉनचा नवा साचा वापरण्याआधी कसा तापवून घ्यावा

साचा विकत घेताना तो खाद्यपदार्थांसाठी असल्याचा उल्लेख आणि छापलेली तापमानमर्यादा बघा. ‘प्लॅटिनम क्युअर्ड’ (म्हणजे प्लॅटिनम उत्प्रेरक वापरून घट्ट केलेलं सिलिकॉन) लिहिलेलं असेल तर तोच घ्या. चिमटीत पिळून पांढरा पडतो का बघा, पडला तर भेसळ, हा सल्ला सोडून द्या. रंग आणि जाडीप्रमाणे त्याचं उत्तर बदलतं, आणि खरी काळजी ज्याची करायची ते त्यातून कळतच नाही.

काळजी करायची ती आत अडकून राहिलेल्या डी४, डी५, डी६ या सायलोक्सेनची, म्हणजे सिलिकॉन बनवताना मागे उरलेल्या छोट्या रेणूंची. सिलिकॉन स्वतः स्थिर असतं, पण हे रेणू उष्णतेने सुटतात आणि तुपातेलात सहज उतरतात. ते निसर्गात टिकून राहतात, म्हणून युरोपीय संघाने २०१८ साली तिन्हींना अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातलं. डी४ प्रजननक्षमतेला बाधक असल्याचाही संशय आहे.

साचा धुवा, दोन दिवस कोरडा होऊ द्या.

आता तापवणं. मला सगळ्यात जड गेला तो हाच टप्पा. ‘उकळत्या पाण्यात टाका, झालं’ असं सर्रास सांगतात. पाणी १०० अंशांवर थांबतं, तेवढ्याने भागत नाही. रिकामा साचा ओव्हनमध्ये २०० अंशांवर ४ तास ठेवायचा. साच्यावरची मर्यादा त्याहून कमी असेल तर हा प्रयोग मुळीच करू नका, तो साचा गरम पदार्थांना वापरूच नका. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. साचा ओव्हनच्या वरच्या तापणाऱ्या सळईला चिकटता कामा नये. खिडक्या उघड्या हव्यात, आणि त्या वेळी आत दुसरं काही शिजवायचं नाही.

आधी आणि नंतर वजन करा. जर्मनीतल्या शिफारशीनुसार एवढ्या तापात उडून जाणारा भाग ०.५ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे २०० ग्रॅमच्या साच्यात १ ग्रॅम. काटा दशांश ग्रॅम दाखवणारा लागेल. घट जास्त निघाली, किंवा गार झाल्यावरही नाकाला उग्र वास आला, तर साचा परत करा.

नंतर पुन्हा एकदा धुवा.

चिकट झालेला, चिरा पडलेला साचा स्वयंपाकातून काढा. सिलिकॉन कुजत नाही, प्लास्टिकच्या पुनर्चक्रणातही चालत नाही. म्हणून मुळात एकच घ्या, चांगला घ्या, आणि वर्षानुवर्षं वापरा.