आरडीडब्ल्यूचा आकडा वाचताना या चुका टाळा

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या संपूर्ण तपासणीच्या, रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या खाली काही ओळींवर 'आरडीडब्ल्यू' हा आकडा असतो आणि तो मर्यादेबाहेर गेला की ठळक अक्षरांत छापला जातो. तांबड्या पेशींच्या आकारात किती तफावत आहे, एवढेच तो सांगतो. ती तफावत कशामुळे आली, हे सांगत नाही. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हा आकडा एकटा वाचणे. त्याच्या शेजारी एमसीव्ही, म्हणजे पेशींचे सरासरी आकारमान, पाहिलेच पाहिजे. प्रौढांमध्ये ते साधारण ८० ते १०० फेमटोलिटर (आकारमानाचे अतिसूक्ष्म एकक) असते. एमसीव्ही कमी आणि आरडीडब्ल्यू जास्त असेल, तर लोहाच्या कमतरतेची शंका प्रथम घेतली जाते. एमसीव्ही कमी असूनही आरडीडब्ल्यू मर्यादेत असेल आणि तांबड्या पेशींची संख्या भरपूर असेल, तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाचा, विचार करावा लागतो, कारण त्यात बहुतेक पेशी सारख्याच लहान असतात. मात्र थॅलेसेमिया मायनरमध्येही आरडीडब्ल्यू वाढलेला आढळतो. त्यामुळे या जोडीवरून निदान न करता फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार) या तपासण्यांचा आधार घ्यावा. हे न तपासता महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या घेत राहणे चुकीचे आहे, कारण लोह कमी नसेल तर त्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नाही.

एमसीव्ही सामान्य आहे म्हणून निश्चिंत होणे ही याच्या उलट चूक. लोह कमी असल्यास पेशी लहान होतात, तर बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असल्यास मोठ्या होतात. दोन्ही कमतरता एकाच वेळी असतील तर सरासरी अगदी व्यवस्थित दिसू शकते. अशा वेळी वाढलेला आरडीडब्ल्यू हाच काय तो इशारा असतो, आणि माझ्या मते या तपासणीचा खरा उपयोग इथेच आहे. बी-१२ न तपासता केवळ फॉलिक ॲसिड सुरू केल्यास रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहू शकते.

आरडीडब्ल्यू दोन प्रकारे छापला जातो, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. 'सीव्ही' टक्क्यांत असतो, साधारण ११.५ ते १४.५, 'एसडी' फेमटोलिटरमध्ये असतो आणि तो चाळिशीच्या आसपास असणे नेहमीचे आहे. या दोन आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नये. शिवाय टक्केवारी काढताना एमसीव्हीने भागले जाते. आकारांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनची तफावत (हा रिपोर्टवरचा 'एसडी' आकडा नव्हे), १२ फेमटोलिटर असेल, तर एमसीव्ही ९० असताना सीव्ही सुमारे १३.३ टक्के येतो आणि एमसीव्ही ७० असताना तोच सुमारे १७.१ टक्के होतो. म्हणजे पेशी लहान असल्या, तर प्रत्यक्ष तफावत न वाढताही टक्केवारी वाढते. सामान्य मर्यादाही यंत्रानुसार बदलते, म्हणून आपल्याच रिपोर्टवर छापलेली मर्यादा पाहावी.

उपचार सुरू झाल्यावर आकडा वाढला म्हणून औषध बंद करू नये. लोह मिळू लागले की अस्थिमज्जेतून नव्या, मोठ्या पेशी बाहेर पडतात, जुन्या लहान पेशी मात्र रक्तात असतातच. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे हे मिश्रण काही काळ टिकते. रक्त चढवल्यानंतरही असेच घडते, म्हणून ती माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. नमुना फार वेळ पडून राहिला तर पेशी फुगतात आणि आकडे बदलतात; अनपेक्षित निकाल आल्यास ताज्या नमुन्यावर पुन्हा तपासणी करून पेरिफेरल स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली, पाहणे योग्य.

मर्यादेपेक्षा किंचित कमी आलेल्या आरडीडब्ल्यूला सहसा काही महत्त्व नसते. वाढलेला आकडा यकृत, मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारांत आणि दीर्घकालीन दाहातही दिसतो, पण केवळ त्यावरून यांपैकी कोणताही आजार ठरत नाही. दाह असताना फेरिटिनही वाढते आणि लोहाची कमतरता झाकली जाते, हे ध्यानात ठेवावे.

लोहाची कमतरता सिद्ध झाल्यावर गोळ्या घेऊन थांबणे, ही शेवटची आणि गंभीर चूक. प्रौढ पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी होण्यामागे पचनमार्गातील नकळत होणारा रक्तस्राव असू शकतो, म्हणून त्याचा शोध घेण्याबाबत डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.