योजना, कर आणि हक्क : वादविवादाची तयारी कशी कराल?

हिवाळी अधिवेशनासाठी विधिमंडळ नागपुरात आलं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. कुणाला थकलेलं मानधन हवं असतं, कुणाला पेन्शन. आत सभागृहात त्याच पैशांच्या पुरवणी मागण्या मांडल्या जातात. कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धांतही हा विषय वरचेवर येतो : 'कल्याणकारी योजना हा करदात्यांवर अन्याय आहे.' वक्ते पोटतिडकीने बोलतात, पण तीन वेगवेगळी भांडणं एकाच वाक्यात कोंबतात. ती आधी सोडवून घ्या.

आडव्या कागदावर तीन रकाने आखा. हक्क कशाने मिळाला? पैसा कुणाच्या तिजोरीतून येतो? माणसाच्या हातात तो पोचवतं कोण? ज्या योजनेबद्दल बोलणार आहात ती तिन्ही रकान्यांत भरल्याशिवाय भाषण लिहायला घेऊ नका. रेशनचं बघा. हक्क राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 मधून येतो : प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. धान्याचा मुख्य खर्च केंद्राचा, वाटपाची यंत्रणा राज्याची, आणि शेवटच्या टोकाला रेशन दुकानातलं अंगठा घेणारं मशीन. आता 'लाडकी बहीण' भरा. 2024 साली राज्याने ती शासन निर्णयाने सुरू केली : महिन्याला 1500 रुपये, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, पैसा राज्याच्या तिजोरीतून थेट बँक खात्यात.

दोन्हींतला फरक पहिल्याच रकान्यात दिसतो. शासन निर्णयाने दिलेलं दुसऱ्या शासन निर्णयाने काढून घेता येतं. कायद्याने दिलेलं काढायचं तर विधिमंडळात किंवा संसदेत उघडपणे मतदान घ्यावं लागतं. म्हणून 'सगळ्या योजना बंद करा' किंवा 'योजना म्हणजे गरिबांचा हक्कच' ही दोन्ही वाक्यं चांगल्या परीक्षकापुढे पडतात. कुठली योजना आणि कुठल्या दर्जाचा हक्क, ते सांगावंच लागतं.

दुसरी मोठी चूक 'करदाता' या शब्दात असते. आयकर विवरणपत्र भरणारा तेवढाच करदाता, असं धरून 'मूठभर लोक देश चालवतात' म्हटलं जातं. याला उत्तर म्हणून 299 रुपयांचा मोबाइल रिचार्ज घ्या. त्यावर 18 टक्के जीएसटी आहे. इथे पुष्कळजण 299 चे 18 टक्के काढून 53 रुपये 82 पैसे सांगतात आणि फसतात, कारण 299 मध्ये कर आधीच धरलेला असतो. 299 ला 118 ने भागा, 18 ने गुणा : 45 रुपये 61 पैसे. सीताबर्डीच्या फुटपाथवर मोजे विकणारी बाई आणि तिच्या समोरच्या शोरूमचा मालक या रिचार्जवर सारखाच कर भरतात. बाईच्या कमाईतला त्याचा वाटा मात्र कितीतरी मोठा असतो. एवढं सांगून एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्यही करा : आयकराचा भार खरोखरच थोड्या लोकांवर आहे. ते नाकारलंत तर पुढचा वक्ता तेवढ्यावरच तुम्हाला पाडेल.

पेट्रोल जीएसटीत नाही, हेही लक्षात ठेवा. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन वेगळे कर आहेत. कुठला कर केंद्राचा आणि कुठला राज्याचा, हा झगडा नागपूरला नवा नाही. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारने 1938 साली मोटार-इंधनाच्या विक्रीवर कर बसवला. असा कर प्रांताला बसवता येतो का, हा प्रश्न थेट फेडरल कोर्टात, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या आधीच्या संघ न्यायालयात, गेला आणि निकाल प्रांताच्या बाजूने लागला. केंद्र-राज्य कराच्या विषयावर बोलणार असाल तर हे उदाहरण नक्की घ्या.

महाराष्ट्राच्या वक्त्याकडे यापेक्षाही भक्कम पुरावा आहे, आणि तो पगाराच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. व्यवसाय कराच्या ओळीत अकरा महिने 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2500. (महिलांना दरमहा 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही.) 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर गेली. तिच्या खर्चासाठी 1975 साली हा कर आला, 1977 साली हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराने भरायचं आणि गावातल्या मजुराला काम मागायचा कायदेशीर हक्क मिळायचा, असा उघड व्यवहार होता. 2005 साली केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या कितीतरी आधीचा. कर आणि हक्क एकमेकांशी इतके स्पष्ट बांधलेले दुसरं उदाहरण क्वचितच सापडेल. विरुद्ध बाजूलाही यातून मुद्दा मिळतो : संविधानाच्या अनुच्छेद 276 मधली व्यवसाय कराची वर्षाला 2500 ची मर्यादा 1988 च्या घटनादुरुस्तीने ठरली, महागाई कुठल्या कुठे गेली तरी ती तिथेच आहे. मग हमी टिकवायची कशाच्या जोरावर?

संविधान उद्धृत करताना भाग तपासा. अनुच्छेद 41 मध्ये काम, शिक्षण आणि सार्वजनिक साहाय्य यांचा उल्लेख आहे, पण तो चौथ्या भागात, मार्गदर्शक तत्त्वांत. अनुच्छेद 37 म्हणतो की ही तत्त्वं न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत, तरी देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत. दोन्ही अर्धी वाक्यं वाचा, एकच अर्धं नको. न्यायालयाने हे अंतर जीविताच्या हक्कातून, म्हणजे अनुच्छेद 21 मधून, कसं कमी केलं ते 1985 च्या मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या निकालात दिसतं : तिथे उपजीविका हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला गेला. मालमत्ता हा आता मूलभूत हक्क नाही. 44 व्या घटनादुरुस्तीनंतर तो अनुच्छेद 300-क मधला घटनात्मक हक्क आहे. जुन्या नोट्सवरून बोलणारे इथे हमखास घसरतात.

'सरकारने फक्त जीव आणि मालमत्ता राखावी, बाकी लोकांवर सोडावं' असं कुणी म्हटलं तर बेसा रोडवरचा एखादा प्लॉट समोर ठेवा. सात-बारा, भूमापनाचा नकाशा, दुय्यम निबंधकाकडची नोंदणी, अतिक्रमण झालं तर पोलीस, वाद झाला तर दिवाणी कोर्ट : या सगळ्याचा पगार तिजोरीतूनच जातो. कोर्ट फी आणि मुद्रांक शुल्क भरलं म्हणजे झालं असं नाही. ज्याच्याकडे प्लॉट नाही त्याच्या करातूनही ही यंत्रणा चालते.

योजनांच्या विरोधात बोलायचं असेल तर 'फुकटे', 'आळशी' हे शब्द टाका. ते मुद्दे नाहीत, रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा अपमान आहे. विरोधातला खरा मुद्दा खर्चाच्या जातीत आहे : पगार, पेन्शन, अनुदान असा महसुली खर्च वाढला की धरण, रस्ता, दवाखान्याची इमारत यांचा भांडवली खर्च मागे सरकतो आणि कर्जाचं व्याज वाढतं. यासाठी अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडा, पण आकडा कुठल्या स्तंभातला ते लिहून ठेवा. अर्थसंकल्पीय अंदाज म्हणजे ठरवलेलं, सुधारित अंदाज म्हणजे वर्ष सरत आलं तेव्हाचा हिशोब आणि प्रत्यक्ष रक्कम म्हणजे खर्च झालेली. एका योजनेचा 'अंदाज' आणि दुसरीचा 'प्रत्यक्ष' यांची तुलना केली की भाषण तिथेच संपतं. लाभ भलत्यालाच गेला असं म्हणायचं असेल तर सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल घ्या, फॉरवर्ड नको.

सात मिनिटं मिळत असतील तर एक मिनिट शब्दांच्या व्याख्येला, तीन मिनिटं एकाच मुद्द्याला, दोन खंडनाला आणि उरलेलं दोन्ही बाजूंची तुलना करायला. पाच मुद्दे अर्धवट मांडण्यापेक्षा एक तळापर्यंत न्या.

खंडनासाठी प्रतिस्पर्ध्याचं वाक्य जसंच्या तसं टिपा आणि त्यातल्या संख्यावाचक शब्दाखाली रेघ मारा. 'सगळे' किंवा 'कुणीच' असेल तर एक खरं उदाहरण पुरतं. 'बहुतेक' असेल तर उदाहरणाने काही होत नाही, आकडा लागतो. तो हाताशी नसेल तर ते वाक्य सोडा आणि पुढचं धरा.