जुन्या डिझेल ट्रकची ताकद वाढवताना या चुका टाळा

इंजिनाला डिझेल मोजून देणाऱ्या पंपाचा स्क्रू थोडा फिरवला की जुना ट्रक जोरात ओढतो, हे खरं आहे. म्हणूनच सगळे आधी त्यालाच हात घालतात. मीही घातला होता. सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, मेकॅनिकल पंप, आणि भरलेल्या गाडीला चढण जड जात होती. डिझेल वाढवल्यावर दोन दिवस गाडी छान चालली. मागून काळा धूर निघत होता, पण ओढ मिळते आहे म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी लांब चढणीवर हेड गॅसकेट गेलं. इंजिन उघडायला घेतलं तेव्हा इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, होज हातात आला. त्याच्या खालच्या अंगाला बोटभर चीर होती, वरून ती कधी दिसलीच नसती. इंजिनाला हवा कमी पडत होती, आणि मी त्याला डिझेल वाढवून दिलं होतं.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे: जुन्या इंजिनाची ताकद वाढवण्याआधी त्याची हरवलेली ताकद शोधायची. बऱ्याच गाड्यांचं काम तेवढ्यावरच भागतं.

धूर न वाचता पाना हातात घेणं

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवणारी झडप नसते. हवा मिळेल तेवढी आत येते आणि ताकद ठरते ती डिझेलच्या मापावर. एक किलो डिझेल पूर्ण जळायला हिशेबाने साधारण 14.5 किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा मिसळायला वेळ फार थोडा असतो, त्यामुळे धूर होऊ द्यायचा नसेल तर 18 ते 20 किलो हवा हवी. त्याखाली गेलं की जादा डिझेलची ताकद होत नाही, काजळी आणि उष्णता होते.

म्हणून पहिला प्रश्न असा: भरलेली गाडी पूर्ण पेडलवर ओढत नाही, तेव्हा मागून काय निघतं?

काळा धूर असेल तर डिझेल पुरेसं आहे. एकतर हवा कमी आहे किंवा सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलचा फवारा बिघडला आहे. इथे डिझेल वाढवणं म्हणजे दुखणं वाढवणं. धूर जवळपास नाहीच आणि तरी गाडी मेलेली वाटत असेल, तर डिझेल पोचत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा धूर येत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा कूलंट आत शिरतंय. निळा किंवा पांढरा धूर असलेल्या इंजिनाची ताकद वाढवायचा विचारही करू नका. आधी कॉम्प्रेशन तपासा, ऑइल भरायचं झाकण काढून ब्लोबाय, म्हणजे रिंगांमधून निसटून येणारा वायू, बघा.

धूर नाही, ओढही नाही: तरी पंप खोलणं

पंप खोलण्याआधी अर्ध्या तासात होणाऱ्या चार गोष्टी बघा.

एकाला आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि इंजिन बंद असताना पंपावरचा लिव्हर स्टॉपला टेकतो का ते डोळ्यांनी पाहा. केबल ताणलेली असते, पेडलखाली जाड मॅट असते, लिंकेजचे बुश झिजलेले असतात. लिव्हर बोटभर कमी फिरला तर पूर्ण ताकद कधीच मिळणार नाही.

दुसरं, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक. ते बुजलं की सकाळी गाडी ठीक चालते आणि तास-दीड तासाने दम सोडते. तशी वेळ आली की झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर तुमचा पंप निर्दोष आहे.

तिसरं, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापासून टाकीपर्यंतची लाइन. ही ओढणारी बाजू आहे, त्यामुळे तिथे डिझेल गळत नाही, हवा आत शिरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. थोडा वेळ पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे दिसतात का बघा. त्याहून सोपा उपाय म्हणजे स्वच्छ कॅनमधून लहान नळीने थेट डिझेल देऊन बघणं. कॅनवर गाडी सुधारली तर दोष टाकी, जाळी किंवा लाइनमध्ये आहे. फिल्टर अर्थातच आधी बदललेला असावा.

चौथी गोष्ट टर्बोच्या गाड्यांची. पंपावर बूस्टप्रमाणे, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाप्रमाणे, डिझेल वाढवणारा डायफ्राम असतो आणि इनटेक मॅनिफोल्डपासून त्याला बारीक नळी येते. नळी फुटली किंवा डायफ्राम फाटला की पंपाला बूस्ट आल्याचं कळतच नाही, तो कमी डिझेलवरच थांबतो. गाडी मंद, धूर शून्य. एका नळीसाठी पूर्ण पंप टेस्ट बेंचवर गेलेला मी पाहिला आहे.

काळा धूर: हवेची बाजू सोडून नोझल मोठे करणं

हवेची गळती कानाने शोधू नका. टर्बोच्या तोंडाशी टोपी बसवून कॉम्प्रेसरने एक बारच्या आसपास दाब द्या आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. टोपी नीट आवळा आणि तिच्यासमोर उभं राहू नका, सुटली तर ती गोळीसारखी येते. होजच्या खालच्या बाजू, क्लिपांच्या कडा आणि इंटरकूलरच्या टाक्यांचे जोड विसरू नका.

इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या फटीत माती-कचऱ्याचा थर बसतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कुणी मधे बघत नाही. टर्बोतून निघालेली हवा 10 अंश जास्त गरम राहिली तर तिची घनता साधारण 3 टक्के घटते. मधली फट धुवून काढणं हा ताकद वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, आणि इंजिनही थंड राहतं.

एअर फिल्टरबाबत दोन चुका नेहमी दिसतात. एक, कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने कागदी फिल्टर झाडणं. कागदाला बारीक छिद्रं पडतात आणि धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर, पुढे रिंगांवर जाते. दुसरी, फिल्टरचा डबा काढून इंजिनाजवळ उघडा फिल्टर लावणं. आवाज वाढतो, पण इंजिन आता बोनेटखालची गरम हवा ओढतं. मूळ डबा थंड जागेतून हवा घेण्यासाठीच बसवलेला असतो.

सायलेन्सरच्या आतला पत्रा सुटून रस्ता अडवतो, बाहेरून पत्ता लागत नाही. टर्बोच्या शाफ्टला आडवा किंचित खेळ असतोच, पण पुढे-मागे हलत असेल किंवा पातं घराला घासत असेल तर आधी तो दुरुस्त करा.

हे सगळं ठीक असूनही धूर काळाच असेल, तर नोझल टेस्टरवर लावा. वर्षानुवर्षं काम करून स्प्रिंग मऊ होतात, उघडण्याचा दाब उतरतो, फवाऱ्याऐवजी धार पडते. मोठ्या भोकाचे नोझल टाकण्याआधी मूळ नोझल मूळ दाबावर आणून बघा. फरक तुम्हाला पेडलवर जाणवेल. नोझल बसवताना जुना तांब्याचा वॉशर आत चिकटून राहिला नाही ना, हे टॉर्चने बघा. दोन वॉशर एकावर एक बसले तर नोझल वर राहतो आणि फवारा पिस्टनच्या वाटीत चुकीच्या जागी पडतो.

टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हची फटही, याच वेळी सेट करून घ्या. कमिन्सच्या 5.9 लिटर, 12 व्हॉल्व्हच्या इंजिनात थंड असताना इनटेक 0.25 आणि एक्झॉस्ट 0.51 मिलिमीटर ठेवतात. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधून घ्या, दुसऱ्याच्या गाडीवरून नको.

मीटरशिवाय डिझेल वाढवणं

आता गाडी निरोगी आहे आणि तरी थोडी जास्त ओढ हवी आहे. अशा वेळी डिझेल वाढवायला हरकत नाही, पण बूस्ट गेज आणि एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा पायरोमीटर लावल्याशिवाय नको. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान सलग लोडवर साधारण 700 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायचं, ही सर्वमान्य हद्द आहे. वायूचं तापमान तेवढं असलं तरी ऑइल आणि कूलंटमुळे पिस्टन त्याहून थंड राहतो. टर्बोच्या मागे मोजलेला आकडा लोडवर बराच कमी दिसतो, म्हणून सेन्सर टर्बोच्या आधीच बसवा. कूलंटच्या काट्यावर विसंबू नका. तो हलेपर्यंत पिस्टनचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

रोटरी पंपावर स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा. आधी त्याची बाहेर दिसणारी लांबी मोजून वहीत लिहा आणि रंगाची खूण करा. आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालतं तो वेग, चढेल; ते वेगळं उतरवावं लागतं. जास्त फिरवला तर पेडल सोडल्यावरही आरपीएम नीट खाली येत नाहीत. ती धोक्याची खूण समजून स्क्रू लगेच मागे घ्या. प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर (डिझेल ढकलणारा दांडा) असलेला इनलाइन पंप असेल तर बेंचवरच करून घ्या, कारण सगळ्या प्लंजरचं डिझेल सारखं पडलं नाही तर एकच सिलिंडर भाजून निघतो.

इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या वरच्या आरपीएमच्या स्क्रूला मात्र अजिबात हात लावू नका. जुन्या डिझेलची ओढ खालच्या आणि मधल्या आरपीएमलाच असते. वर नेऊन हाती काही लागत नाही, व्हॉल्व्ह मात्र पिस्टनवर आपटू शकतात.

टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, थोडी आधी आणल्याने ओढ वाढते आणि एक्झॉस्टचं तापमानही उतरतं, त्यामुळे मोह होतो. पण सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्याचा भार हेड गॅसकेटवर पडतो. डायल गेज लावून, मूळ आकड्यापासून एक-दोन अंशच. कानाने कधीच नाही.

पुढच्या भागांचा विचार न करणं

वाढलेली ओढ आधी क्लच प्लेटला भेटते. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर पेडल पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतो आहे. ताकद वाढली म्हणून माल वाढवू नका, ब्रेक आणि ॲक्सल जुनेच आहेत. आणि सतत धूर सोडणारी सेटिंग धुराच्या तपासणीत कुठेही टिकणार नाही.

चालवायची पद्धतही बदला. चढणीवर वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटत ठेवलं की पायरोमीटरचा काटा झपाट्याने चढतो. एक गिअर खाली घ्या, आरपीएमबरोबर हवा वाढते आणि काटा उतरतो. चढण संपल्यावर लगेच किल्ली बंद करू नका. इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर चालू द्या, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळत नाही.

प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तोच लोड, तोच गिअर घेऊन 40 ते 70 किलोमीटर वेगाला किती सेकंद लागतात ते मोजा, आणि सर्वात जास्त बूस्ट व तापमान त्याच पानावर लिहा. एका दिवशी एकच बदल. ज्या फिरवण्यानंतर सेकंद घटले नाहीत आणि फक्त धूर व तापमान वाढलं, ते फिरवणं परत घ्या, लॉकनट आवळा आणि तिथेच थांबा.