दगड ओळखताना या चुका टाळा, आणि आधी रंगावर जाणं बंद करा

दगड हातात आला की बहुतेक जण पहिल्यांदा रंग बघतात आणि तिथेच फसतात. काळा म्हणजे बेसाल्ट, पांढरा म्हणजे संगमरवर, असं अजिबात नसतं. ऑब्सिडियन (ज्वालामुखीची नैसर्गिक काच) काळाकुट्ट काचेसारखा दिसतो पण त्यात सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) साधारण ७० टक्के किंवा जास्तच, म्हणजे घटक बघितले तर तो ग्रॅनाइटचा भाऊबंद, बेसाल्टचा नाही कारण बेसाल्टमध्ये सिलिका ४५ ते ५२ टक्क्यांच्या आसपास असते. फरशीच्या धंद्यात ज्याला ब्लॅक ग्रॅनाइट म्हणतात तोही बऱ्याचदा गॅब्रो किंवा डोलेराइट (बेसाल्टच्याच घटकांचे, पण मोठ्या दाण्यांचे दगड) निघतो. शिवाय बाहेरचा रंग ऊनपावसाने बदललेला असतो, लोह गंजून तांबूस झालेलं असतं, त्यामुळे ताजी फोडलेली बाजूच बघा (फोडताना डोळ्यांवर गॉगल लावा प्लीज, कपच्या उडतात).

मग बघायचं काय? दाणे, आणि ते एकमेकांना कसे धरून आहेत ते. हे नीट जमलं ना की अर्धं काम झालं. साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेत, मधे जागाच नाही, तर दगड बहुतेक अग्निज (वितळलेला खडक थिजून झालेला) किंवा रूपांतरित (उष्णता आणि दाबाने बदललेला). वेगवेगळे दाणे, त्यांच्या मधे सिमेंटसारखा चिकटवणारा पदार्थ, कुठे बारीक पोकळ्या, तर गाळाचा. अग्निज असेल तर दाण्यांचा साइझ थंड व्हायचा वेग सांगतो: ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर हळूहळू थंड होतो म्हणून स्फटिक डोळ्यांना दिसतात, तेच घटक लाव्हा होऊन बाहेर आले आणि पटकन थिजले तर बारीक दाण्यांचा रायोलाइट होतो. गॅब्रो आणि बेसाल्टची जोडीही अगदी तशीच.

दुसरी चूक म्हणजे पट्टे दिसले की गाळाचा म्हणून मोकळं होणं. नाइस आणि शिस्ट या रूपांतरित खडकांमध्येही पट्टे असतात पण ते गाळ साचून आलेले नाहीत, दाबामुळे अभ्रकासारखी चपटी खनिजं एका दिशेला लागलेली असतात. स्लेटचे पापुद्रे निघतात तेही दाबाने आलेल्या पातळ्यांवर, मूळचे थर कधीकधी त्यांना चक्क तिरके छेदून जाताना दिसतात!

आणि रूपांतरित खडक वितळून बनतो हे तर कितीतरी जण पाठ करून बसलेत. नाही, तो घन अवस्थेतच बदलतो, उष्णता आणि दाबाने खनिजं नव्याने जुळतात. पूर्ण वितळला की तो मॅग्मा, आणि त्यातून पुढे जे थिजेल ते अग्निज. अर्धवट वितळलेला मिग्माटाइट मधल्यामधे लटकतो, त्याला जबरदस्तीने एका खान्यात बसवू नका.

सँडस्टोन (वालुकाश्म) म्हणजे फक्त क्वार्ट्झची (गारगोटीच्या खनिजाची) वाळू, हाही गैरसमज आहे. इथे वाळू म्हणजे दाण्याचं माप, ०.०६२५ ते २ मिमी, मग दाणा फेल्डस्पार या खनिजाचा असो नाहीतर ज्वालामुखीतून आलेल्या दगडाचा.

बेसाल्टमधल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर झिओलाइट, कॅल्साइट अशी खनिजं भरतात तेव्हा पांढऱ्या ठिपक्यांमुळे तो कॉंग्लोमरेट (गोटे एकत्र चिकटून झालेला गाळाचा दगड) वाटतो. ठिपक्यांना जोडणारा भाग बघा, एकसारखा बारीक काळा दगड असेल तर बेसाल्टच.

आता अडकायला होतं अशा जोड्या. सँडस्टोन की क्वार्टझाइट (सँडस्टोनचा रूपांतरित खडक) कळत नसेल तर फोडा, सँडस्टोन सहसा दाण्यांच्या कडेने तुटतो, क्वार्टझाइट दाण्यांच्या आरपार. संगमरवर की क्वार्टझाइट असेल तर स्टीलच्या चाकूने ओरखडा काढा: १ ते १० च्या मोह्स मापावर संगमरवरातल्या कॅल्साइटचा कठीणपणा ३, क्वार्टझाइटमधल्या क्वार्ट्झचा ७, चाकू साधारण साडेपाच, म्हणजे संगमरवरावर रेघ उठते आणि क्वार्टझाइटवर चाकूचाच धातू घासला जातो. ती चकाकणारी रेघ ओरखडा समजू नका, बोटाने पुसून बघा. चुनखडीसाठी विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका, फसफसलं तर कॅल्साइट आहे. फसफस आली नाही म्हणून लगेच चुनखडी कुळातला नाही असं ठरवू नका, डोलोमाइट (चुनखडीसारखाच, पण मॅग्नेशियम असलेला दगड) तसाच ठेवला तर जेमतेम फसफसतो, थोडा खरवडून पावडरवर थेंब टाका, मग बुडबुडे दिसतील.