पांढऱ्या सॉसच्या पास्त्याबरोबर कोणती वाइन? आधी ताक आठवा

आमच्या छत्रपती संभाजीनगरात ‘वाइन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात वाइन शोधावी लागते. दर्शनी फळ्यांवर व्हिस्की आणि रम, वाइन मात्र कोपऱ्यात, अंगावर धूळ घेऊन. पास्त्याबरोबर चालेल अशी बाटली मागितली तर काउंटरवरचा पोरगा पोर्ट नावाची गोड वाइन पुढं करतो. त्यात त्याचा काय दोष? त्याच्याकडं तीच जास्त खपते. म्हणून दुकानात जायच्या आधीचं काम घरी, गॅसपाशी उरकायचं.

सॉस चमच्यानं चाखा

आपल्या घरातला पास्ता म्हणजे लोण्यावर परतलेला मैदा, दूध, किसलेलं चीज, ढोबळी मिरची, लसूण आणि वरून चिली फ्लेक्स. मराठवाड्यातला हात असेल तर दोन हिरव्या मिरच्याही. गंमत म्हणजे रोमच्या मूळ आल्फ्रेदो पास्त्यात क्रीम नसतंच, नुसतं लोणी आणि पार्मेजान चीज. आणि कार्बोनारा या दुसऱ्या पास्त्याचा मऊपणा अंड्याचा असतो. तेव्हा मेनूकार्डावरचं नाव सोडा आणि जिभेला विचारा: सॉस किती जड आहे, किती तिखट आहे, त्यात टोमॅटो आहे का? बाटली या उत्तरांवरून ठरते.

आता ताक आठवा

साईचं, लोण्याचं जेवण झालं की आपण ताक मागतो, ताटात लिंबाची फोड ठेवतो. जिभेवर बसलेला स्निग्धपणा आंबटानं सुटतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. क्रीमच्या पास्त्याबरोबर वाइनचं काम तेवढंच. त्यामुळं आंबटपणा असलेली, तुरट नसलेली पांढरी वाइन आधी बघायची. महागडी असायला हवी असं मुळीच नाही.

सॉस साधा, भाज्यांचा असेल तर सोव्हिन्यों ब्लाँ घ्या. तिच्या वासातच ढोबळी मिरचीची हिरवी झाक असते, त्यामुळं ढोबळी, पालक, तुळशीचा पेस्टो यांच्याशी तिचं चटकन जमतं. मशरूम आणि भरपूर चीज असेल तर ती पातळ वाटते. तिथं अंगानं भरलेली शार्डोने हवी. लेबलावर ओकच्या पिंपाचा उल्लेख असेल तर तिला लोणी-व्हॅनिलासारखी चव येते. खूप जड सॉसला ते चालतं, पण मला लोण्यावर पुन्हा लोणी नको वाटतं.

तिखट पास्त्याला मात्र शेनिन ब्लाँ, आणि आपल्याकडं बहुतेक पास्ते तिखटच होतात. नाशिकच्या बऱ्याच शेनिनमध्ये किंचित गोडी ठेवलेली असते, ती मिरचीची धार बोथट करते. उलट अल्कोहोल जितकं जास्त तितकी मिरची जास्त झोंबते; म्हणून लेबलावरचा टक्का वाचा आणि १२ च्या आसपासची बाटली उचला. एक फसगत टाळा: ‘लेट हार्वेस्ट’ लिहिलेली शेनिन ही जेवणानंतरची गोड वाइन असते, पास्त्याबरोबर ती सरबतासारखी लागते. उच्चाराची लाज वाटत असेल तर मोबाइलवर लेबलाचा फोटो दाखवा, मीही तेच करतो.

पिंक सॉसला, म्हणजे टोमॅटो आणि क्रीम दोन्ही असेल तर, कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रोझे ही गुलाबी वाइन. एवढं पुरे.

पाहुण्यांना लाल हवी असेल तर

लाल वाइनचा तुरटपणा द्राक्षाच्या सालींतून आणि बियांतून येतो. जांभूळ खाऊन वर दूध प्यायल्यासारखं होतं बघा. काबर्ने सोव्हिन्यों क्रीमबरोबर मला तशीच लागली होती, शेवटी कडूसर आणि लोखंडी. हट्टच असेल तर हलकी, आंबटसर सांजोवेझे शोधा. ती अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीची मिळते. पास्त्यात चिकन किंवा मशरूम थोडं खरपूस भाजून घाला, म्हणजे लालला धरायला काहीतरी राहतं.

लेबलावरचं साल बघा, आणि मग ऊन

साध्या पांढऱ्या वाइन ताज्या असतानाच चांगल्या. आपल्याकडं वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च होते, तेव्हा लेबलावरचं साल अलीकडचं हवं. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली नको. मी एकदा एप्रिलमध्ये नाशिकहून येताना दोन बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवल्या आणि वाटेत जेवायला थांबलो. घरी उघडल्या तर फळाचा वास गेलेला, शिजवलेल्या सफरचंदासारखी चव. आता बाटल्या पायाशी, ओल्या टॉवेलात येतात. आपली हवा कोरडी असल्यानं ओल्या फडक्याचा गारवा माठासारखाच टिकतो.

‘रूम टेंपरेचर’ हा शब्द मराठवाड्याच्या मे महिन्यात विसरून जा. सोव्हिन्यों आणि शेनिन ८ ते १० अंशांवर प्यावी, शार्डोने थोडी कमी गार चालते. फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवा. नेमकी वीज गेली तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवली तर वेळ लागतो, कारण बाटलीभोवती हवा राहते.

वाढताना

७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास होतात, तेही अर्ध्याच्या खालीच भरायचे. आधी पास्त्याचा घास, मग घोट, मग पुन्हा घास. दुसरा घास जड लागला तर वाइनमध्ये आंबट कमी पडलं. पास्त्यावर लिंबू पिळा, बाटली बदलायची गरज नाही.

उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. तिच्यातली पाव वाटी पुढच्या पास्त्यात घालायची असेल तर लसूण परतल्यावर लगेच घाला आणि आटू द्या. दूध त्यानंतर. आधी दूध घातलंत तर सॉस फाटेल आणि पनीर हाती येईल.